नीस ते माँतों, वसंतातला किनारा : नाशिककरांचे प्रश्न

दक्षिण फ्रान्सचा नीस ते माँतों हा किनारा आणि त्याला लागून असलेला इटलीचा लिगुरिया, या भागाबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांना एप्रिल-मेमध्ये, मुलांच्या परीक्षा संपल्यावर जायचं आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : एप्रिलमध्ये जावं की मेमध्ये? लॅव्हेंडरची जांभळी शेतं पाहायची मुलीची फार इच्छा आहे. समुद्रात पोहता येईल का?
— गंगापूर रोड

उत्तर : आधी लॅव्हेंडरचं, कारण याच एका गोष्टीपायी अनेकांची सहल फसते. लॅव्हेंडर फुलतं ते जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत, आणि तेही किनाऱ्यावर नाही, आत व्हालेन्सोलच्या पठारावर. एप्रिल-मेमध्ये तिथे गेलात तर करड्या-हिरव्या झुडपांच्या रांगा दिसतील, जांभळा ठिपकाही नाही. जाहिरातीतला फोटो जुलैचा असतो आणि सहल मेची, हे बुकिंग करतानाच विचारून घ्या.

पण वसंतात इथे फुलांना तोटा नाही, त्यांचं वेळापत्रक फक्त माहीत हवं. पिवळा मिमोसा जानेवारीत सुरू होतो आणि मार्चच्या मध्याला ओसरतो. माँतोंचा लिंबू महोत्सव फेब्रुवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत असतो, म्हणजे परीक्षा संपेपर्यंत तोही आटोपलेला. एप्रिलमध्ये जुन्या भिंतींवर विस्टेरियाचे जांभळे घोस लटकतात. मुलीची जांभळ्या रंगाची हौस त्यावर भागेल. मे हा गुलाबांचा महिना. अत्तरांच्या ग्रास गावाभोवती सेंटिफोलिया गुलाबाची तोडणी मेमध्येच, सकाळच्या वेळी होते. ग्रासच्या आसपासची अत्तरविद्या २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. गावातलं अत्तराचं संग्रहालय मुलांनाही आवडण्यासारखं आहे. कान शहराहून ग्रासला लोकल आणि बस दोन्ही जातात.

हवा एप्रिलमध्ये दिवसा १७-१८ अंश, रात्री १० च्या आसपास. मेमध्ये दिवसा २१ च्या पुढेमागे. नाशिकला पारा चाळिशीला टेकलेला असताना हे स्वर्गसुख वाटतं. मात्र सावलीत आणि वाऱ्यात गारठा जाणवतो, एप्रिलमध्ये अधूनमधून सरीही पडतात. एक जाड जाकीट घेण्यापेक्षा पातळ स्वेटर आणि वारा अडवणारं जर्किन असे दोन थर बरे. ऊन मात्र कडक, त्यामुळे टोपी आणि सनस्क्रीन एप्रिलपासूनच लागतं.

पोहण्याची आशा एप्रिलमध्ये धरू नका. पाणी १४-१५ अंशांचं असतं. मेअखेर ते थोडं सुसह्य होतं. नीसचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, अनवाणी चालताना तळव्यांची परीक्षा होते. मुलांना वाळूच हवी असेल तर विलफ्रांश, ज्युआन-ले-पँ किंवा कान गाठा.

आमचं मत विचाराल तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा किंवा मेचे पहिले दहा-बारा दिवस. मेच्या मध्याला कानचा चित्रपट महोत्सव सुरू होतो आणि नीसपर्यंतच्या हॉटेलांचे भाव चढतात. मोनॅकोची मोटारशर्यत २०२६ पासून जूनच्या सुरुवातीला गेली आहे, पण प्रेक्षकांचे मंच आणि लोखंडी कठडे कित्येक आठवडे आधीपासून उभे राहतात. तेव्हा बंदरावरचा मोकळा देखावा हवा असेल तर जितकं लवकर जाल तितकं बरं.

मेमधल्या सुट्ट्याही कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. १ मे रोजी फ्रान्समध्ये जवळपास सगळं बंद असतं, संग्रहालयं बंद, शहरातल्या बस आणि ट्रामही बहुतेक ठिकाणी उभ्या. त्या दिवशी रस्तोरस्ती म्युगेची पांढरी नाजूक फुलं विकायला बसतात, तेवढी घ्यावीत आणि चालत फिरावं. ८ मेलाही सुट्टी असते. सीमेपलीकडे इटलीत २५ एप्रिल आणि १ मे या सुट्ट्या, आणि ईस्टरचा सोमवार दोन्हीकडे.

प्रश्न : एका सहल कंपनीने आठ दिवसांत नीस, कान, मोनॅको, चिंक्वे तेर्रे, फ्लॉरेन्स आणि रोम असा कार्यक्रम दिला आहे. आम्ही चौघं स्वतः जायचं म्हटलं तर जमेल का?
— इंदिरानगर

उत्तर : जमेल, पण हा कार्यक्रम जसाच्या तसा नको. आठ दिवसांत सहा ठिकाणं म्हणजे निम्मा वेळ बॅगा भरण्यात आणि हॉटेलात चेक-इन करण्यात. या किनाऱ्याची गंमतच अशी की एका जागी मुक्काम ठेवून रोज लोकलने वेगळ्या गावी जाता येतं. नीस-व्हिल स्टेशनच्या किंवा ट्रामच्या जवळ घर किंवा हॉटेल घ्या आणि पाच-सहा रात्री तिथेच राहा.

नीसहून पूर्वेला इटलीतल्या व्हेंतिमिल्यापर्यंत जाणारी प्रादेशिक गाडी विलफ्रांश, बोलिऊ, एझ-सुर-मेर, मोनॅको, माँतों अशी थांबत जाते. मोनॅको पंचवीसेक मिनिटांत, माँतों पाऊण तासाच्या आत. जाताना उजव्या हाताची खिडकी पकडा, समुद्र त्याच बाजूला आहे. या गाड्यांना आरक्षण नसतं, आधी घेतल्याने तिकीट स्वस्तही होत नाही, म्हणून हवा पाहून आदल्या रात्री ठरवलं तरी चालतं. स्टेशनवरची यंत्रं कार्ड घेतात, नोटा घेतीलच असं नाही. तिकीट न घेता चढून आत काढू म्हटलं तर जास्त पैसे पडतात. संपाचा दिवस असेल तर कोणत्या गाड्या धावणार हे आदल्या संध्याकाळी ॲपवर समजतं. रोज झोपण्याआधी एकदा पाहायची सवय ठेवा.

एक दिवस जुन्या नीसला. सकाळी कूर सालेयाचा बाजार पाहा. फुलं, भाजी, ऑलिव्ह मंगळवार ते रविवार, सोमवारी तिथे जुन्या वस्तू मांडतात. भाजी-फळांचे गाळे दुपारी दीडच्या सुमारास आवरतात, तेव्हा उठायला उशीर नको. मग किल्ल्याची टेकडी. तिथे किल्ला शोधू नका, फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने तो १७०६ साली पाडून टाकला, पण आखाताची वळलेली रेघ वरूनच नीट दिसते. बरोबर बारा वाजता तोफेचा आवाज होतो, तो रोजचाच आहे, दचकू नका. शागाल आणि मातिस या चित्रकारांची दोन्ही संग्रहालयं मंगळवारी बंद असतात. आंतीबचं पिकासो संग्रहालय सोमवारी बंद.

दुसरा दिवस पूर्ण कॅप फेरा द्वीपकल्पाच्या पायवाटेला द्या. या किनाऱ्यावरचा सगळ्यात सुंदर दिवस हाच, असं आम्हाला मनापासून वाटतं. बोलिऊ स्टेशनवर उतरा. समुद्राला लागून सपाट फरसबंद रस्ता सेंट-जाँ बंदरापर्यंत जातो, तो अर्ध्या तासाचा. तिथे पाणी आणि खाणं भरून घ्या, माणशी किमान एक लिटर, कारण पुढच्या वाटेवर दुकान नाही. बंदराच्या पुढे द्वीपकल्पाला वळसा घालणारी वाट सुरू होते. डाव्या हाताला पांढरे, लाटांनी कुरतडलेले चुनखडीचे खडक आणि खाली निळं-हिरवं पाणी, उजवीकडे उंच भिंतींआड बंगले आणि मधूनच पाइनची सावली. दीपस्तंभाला वळसा घालून पासाब्लच्या छोट्या किनाऱ्यावर दीड-दोन तासांत पोचता. तिथून विलफ्रांशचं स्टेशन पाऊण तास चालत. चढ फारसा नाही, पण खडक गुळगुळीत आहेत आणि ओले असले की घसरतात, म्हणून चपला-सँडल नकोत. समुद्र खवळलेला असेल तर वाट बंद ठेवतात. अशा दिवशी द्वीपकल्पावरचा एफ्रुसी द रॉथशील्ड बंगला आणि त्याच्या नऊ बागा पाहा.

मोनॅकोत नेहमीची चूक होते ती स्टेशनातच. स्टेशन डोंगराच्या पोटात आहे आणि त्याची दारं वेगवेगळ्या पातळ्यांवर उघडतात. राजवाडा आणि जुनं गाव पाहायचं तर मोनॅको-व्हिल, फाँव्हिएय या पाट्यांमागे जा. चुकीच्या दाराने बाहेर पडलात तर खाली उतरून पुन्हा तेवढंच चढावं लागतं. राजवाड्यापुढची पहारेबदली ११ वाजून ५५ मिनिटांनी होते, पुढची रांग हवी असेल तर साडेअकराला उभे राहा. त्यानंतर १९१० साली उघडलेलं सागरी संग्रहालय. मुलं असतील तर तिथे अडीच तास धरा.

चिंक्वे तेर्रे, म्हणजे इटलीच्या किनाऱ्यावरची पाच गावं, मात्र नीसहून एका दिवसात करायच्या फंदात पडू नका. व्हेंतिमिल्या आणि जिनोव्हा इथे गाडी बदलत एका बाजूचा प्रवासच पाच तासांच्या घरात जातो. ते करायचंच तर लेव्हांतो किंवा ला स्पेत्सिया इथे दोन रात्री काढा. गाड्यांचा आणि पायवाटेचा मिळून एकच पास मिळतो, गर्दीच्या तारखांना तो महाग असतो. मोंतेरोस्सो–व्हेर्नात्सा–कोर्निल्या या डोंगरी वाटेवर पातळ चपला घालून गेल्यास दंड होतो. कोर्निल्याचं स्टेशन खाली आणि गाव वर, मध्ये ३८० हून अधिक पायऱ्या. छोटी बसही आहे. फ्लॉरेन्स आणि रोम पुढच्या खेपेला ठेवा.

प्रश्न : आई-बाबा सत्तरीचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. त्यांना काय झेपेल?
— पंचवटी

उत्तर : पुष्कळ काही. नीसच्या टेकडीवर जायला लिफ्ट आहे. समुद्रकाठचा प्रोमनाद दे झांग्ले पूर्ण सपाट, जागोजागी बसायला निळ्या खुर्च्या. वर सांगितलेला बोलिऊ ते सेंट-जाँ हा तुकडा चाकाच्या खुर्चीलाही चालतो. तेवढाच करून बंदरावर बसावं आणि बसने परतावं. मोनॅकोत डोंगर चढायला सार्वजनिक लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, सगळे फुकट.

जपायचं ते एझला. गाव समुद्रसपाटीपासून सव्वाचारशे मीटरवर आहे आणि एझ-सुर-मेर स्टेशन पार खाली. नकाशावर दोन्ही चिकटून दिसतात, म्हणून लोक गाडीने येतात आणि तत्त्वज्ञ नित्शेच्या नावाच्या पायवाटेने चढायला लागतात. ती तास-दीड तासाची, सुट्या दगडांची, फार कमी सावलीची चढण आहे. आई-बाबांना नीसहून मधल्या डोंगररस्त्याने थेट गावापर्यंत जाणारी बसच बरी. बस थांब्यापासूनही आत गोट्यांच्या फरसबंदीचा चढ आहे आणि निवडुंगांची बाग टोकावर. काठी बरोबर असू द्या. आईंना नको वाटलं तर खालच्या चौकातूनही दरी दिसते.

घर भाड्याने घेताना लिफ्ट आहे का हे स्पष्ट विचारा. जुन्या नीसमधल्या इमारतींना बहुधा नसते, आणि तिथे तळमजल्यावरचा मजला पहिला मोजतात. म्हणजे ‘तिसरा मजला’ म्हणजे तीन जिने.

प्रश्न : मी द्राक्ष बागायतदार आहे. तिकडच्या द्राक्षबागा आणि लिंबांच्या बागा वसंतात पाहण्यासारख्या असतात का?
— पिंपळगाव बसवंत

उत्तर : घड पाहायला जात असाल तर नको, पण बाग वाचता येणाऱ्याला वसंतच चांगला. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या करून एक पीक घेतो, कारण इथे वेल थंडीने पूर्ण झोपी जात नाही. तिकडे वेलाला हिवाळ्याची खरी सुप्तावस्था मिळते. पानगळ होते, थंडीत एकच छाटणी होते आणि मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत डोळे फुटतात. फुलोरा मेअखेर-जूनच्या सुरुवातीला, तोडणी ऑगस्टअखेर-सप्टेंबरात. म्हणजे तुमच्याकडे काढणी संपून खरड छाटणी चाललेली असते तेव्हा तिकडे बोटभर कोवळी फूट असते. तिथल्या शेतकऱ्याचा जीव या दिवसांत गारठ्याने टांगणीला लागतो. एप्रिलच्या स्वच्छ, निवांत रात्री पारा शून्याखाली गेला तर फुटलेला डोळा काळा पडतो आणि त्या वर्षीचं उत्पन्न गेलं. समुद्राजवळच्या बागांना पाण्याच्या उबेमुळे हा धोका कमी असतो.

पाहण्यासाठी दोन जागा. पहिली बेले, चक्क नीस महापालिकेच्या हद्दीतल्या टेकड्यांवर. क्षेत्र छोटं, उतार तीव्र आणि रोल, ब्राके, फोल न्वार या स्थानिक जाती. दुसरी मार्सेय आणि तुलाँच्या मधली बांदोल, तिथे मूर्व्हेद्र जातीचा मान मोठा. लाल वाइनमध्ये ती निम्म्याहून कमी चालत नाही. दोन्ही भागांना वाइनवर आपल्या प्रदेशाचं नाव लावण्याचा हक्क १९४१ सालीच मिळाला. बांदोलला डोंगरउतारावर चुना-मातीशिवाय रचलेल्या दगडी बांधांचे टप्पे निरखून पाहा. पाणी कुठून सोडलंय, माती कशी अडवलीय, हे तुमच्या नजरेला लगेच दिसेल. मांडव दिसणार नाही. बुटक्या झुडपासारखा वाढवलेला वेल किंवा तारेवरची एकेरी रांग, कारण पीक मुद्दाम कमी ठेवतात. किलोंपेक्षा रसाच्या गोडीला भाव आहे. भेटीसाठी आधी मेल करून वेळ ठरवा, न सांगता गेलात तर फाटक बंद मिळतं. दुपारी बारा ते दोन कोणी भेटत नाही.

लिंबांसाठी माँतों. तिथल्या लिंबाला २०१५ साली युरोपीय भौगोलिक मानांकन मिळालं. मागे आल्प्सची भिंत आणि पुढे समुद्र, म्हणून फ्रान्समध्ये इतक्या उत्तरेला लिंबू टिकतो तो इथेच. गावातल्या कार्नोलेस राजवाड्याच्या बागेत लिंबूवर्गीय झाडांचा मोठा संग्रह आहे. कलम, काडी, बी खिशात टाकून आणायचा मोह नको. आरोग्य प्रमाणपत्र आणि परवान्याशिवाय असा माल आपल्या विमानतळावर जप्त होतो, आणि एखादा नवा रोग अख्ख्या तालुक्याला महागात पडू शकतो.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. बरोबर काय नेता येईल?
— सिडको

उत्तर : नीसमध्ये सोक्का नावाचं खाणं आहे ते तुमच्यासाठीच. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात, वर मिरपूड. कडा कुरकुरीत, मधे मऊ, आपल्या धिरड्याचीच चव. गरम असतानाच खायचं. सीमेपलीकडे हाच पदार्थ फारिनाता नावाने मिळतो, फक्त कांदा घातलेला नको म्हणून सांगा.

फसवणारे पदार्थ असे. पिसालादिएर दिसायला कांद्याची पोळी, पण वर अँचोव्ही मासे असतात. पाँ बान्या हा गोल पाव भाज्यांचा वाटतो, आत ट्यूना असतो. लिगुरियाच्या पेस्तोत लसूण असतो आणि पार्मेजानो चीज. ते चीज नियमानेच वासराच्या जठरातल्या रेनेटने गोठवलेलं असतं, म्हणून सासूबाईंना नकोच. हॉटेलात फ्रेंच वाक्य पाठ करण्यापेक्षा ‘मांस, मासे, अंडं, कांदा, लसूण नको’ असं फ्रेंच आणि इटालियनमध्ये मोबाइलवर लिहून ठेवा आणि दाखवा. जेवणाची वेळ पाळा. दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं ते सातला उघडतं. पाण्याची बाटली विकत घेऊ नका. जेवणाबरोबर नळाचं पाणी फुकट देणं फ्रान्समध्ये हॉटेलांना बंधनकारक आहे, ‘काराफ दो’ मागा.

नेण्याबद्दल नियम कडक आहे. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, तूप, खवा, पनीर घरीच ठेवा. ताजी फळं आणि कढीपत्ताही नको. केळी, खजूर, अननस, नारळ यांना सूट आहे. चिवडा, भडंग, तेलावरच्या दशम्या, कोरड्या चटण्या, मेतकूट, बेदाणे, पोह्यांची पाकिटं चालतात, बंद पाकिटात आणि घटक लिहिलेली असतील तर तपासणीत प्रश्न येत नाही. स्वयंपाकघर असलेलं घर घेतलंत तर एक छोटा कुकर बॅगेत असू द्या.

प्रश्न : व्हिसासाठी कधी अर्ज करावा? मुंबईला जावंच लागतं का?
— नाशिकरोड

उत्तर : शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मर्यादा पंधरा दिवस. पण मेच्या प्रवासासाठी मार्चमध्ये जागे झालात तर अपॉइंटमेंट मिळायची मारामार होते, अर्धा महाराष्ट्र तेव्हाच अर्ज करत असतो. डिसेंबर-जानेवारीत भरून मोकळे व्हा. जिथे जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर ज्या देशात आधी उतरता त्याच्याकडे. नीसला सहा रात्री आणि इटलीत दोन, तर फ्रान्स.

शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वयाच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. केंद्राचा सेवाखर्च वेगळा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळे दिवस धरून. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, दोन पानं कोरी. बोटांचे ठसे ५९ महिने चालतात. नकार येतो तो बहुधा दोन गोष्टींनी: हॉटेलच्या तारखा आणि कार्यक्रम जुळत नाहीत, किंवा अर्जाच्या तोंडावर खात्यात एकरकमी मोठी रक्कम भरलेली असते. खातं सहा महिने आधीपासून नीट दिसू द्या.

केंद्र निवडताना मुंबई-पुणे दोन्हीकडच्या तारखा पाहा. मुंबई धरली तर समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण आमण्यापुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी टळत नाही. नऊची वेळ असेल तर आदल्या रात्री मुंबईत मुक्काम करा. भारतातून नीसला थेट विमान नाही. दुबई, दोहा, इस्तंबूल किंवा पॅरिसमार्गे एक बदल धरावा लागतो.

प्रश्न : चार्जर, पैसे, मोबाइल यांचं काय?
— देवळाली कॅम्प

उत्तर : वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची. मोबाइलच्या चार्जरची बारीक दोन पिनांची टोकं तिथे बसतात, तीन पिनांचा जाड प्लग बसत नाही, त्यासाठी ॲडॅप्टर घ्या. कार्ड सगळीकडे चालतं, बाजारासाठी थोडे सुटे युरो ठेवा. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र ‘रुपयांत की युरोत’ असं विचारेल, तेव्हा युरोच निवडा. रुपये निवडले की दर त्यांचा लागतो आणि तो महाग असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथे घड्याळ एक तास पुढे करतात. त्याआधी आपण साडेचार तास पुढे असतो, नंतर साडेतीन. त्या शनिवार-रविवारी विमान किंवा गाडी असेल तर वेळ दोनदा तपासा. आणि मोबाइलचा पॅक घेताना देशांच्या यादीत मोनॅकोचं नाव वेगळं शोधा. मोनॅको युरोपीय संघात नाही, सीमेवर कोणी अडवत नाही, पण फ्रान्सचा पॅक तिथे चालेलच असं नाही. नाव नसेल तर गाडी कॅप-दाय सोडताच डेटा बंद करा.